काळे वासे : ससेक्स आणि केंटमधल्या शेतकरी घरांत पाच दिवस

पहिला दिवस : सिंगलटन

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून चिचेस्टरला पोचायला दीडेक तास लागतो. मुक्कामाच्या घरी बॅगा टाकल्या आणि लगेच मिडहर्स्टकडे जाणारी ६० नंबरची बस धरली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. साउथ डाउन्सच्या टेकड्या अजून हिरव्या होत्या, पण हेझलच्या झुडपांची पानं पिवळी पडायला लागली होती. सिंगलटन गावाच्या थांब्यावर मी एकटीच उतरले.

इंग्लंडला येण्याची ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा राजवाडे, कॅथीड्रलं, संग्रहालयं बघून झाली होती. या खेपेला मला शेतकऱ्याचं घर बघायचं होतं. तीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढले, तेव्हा घर दिसलं की आधी ते उभं कसं राहिलंय तेच दिसतं. शिवाय माझं आजोळ उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. पाणी चढायला लागायच्या आधी आजोबांनी सुतार बोलावला आणि वाड्याचे खांब, तुळया, दारं, माळ्याच्या कड्या सगळं उतरवून घेतलं. बैलगाड्या भरून ते लाकूड नव्या गावठाणात गेलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. उघड्या पडलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि गाडीतून बाहेर आलेलं माजघराच्या खांबाचं टोक मला अजून जसंच्या तसं आठवतं. सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियममध्ये पाण्याखाली जाणारं एक घर असंच उतरवून आणून पुन्हा उभं केलंय असं वाचलं, आणि प्रवास तिथूनच सुरू करायचा हे तेव्हाच ठरलं.

त्या घराचं नाव बेलीफ. मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोन गावच्या हद्दीतलं. तिथे बाउ बीचचा जलाशय करायचा ठरला, तेव्हा १९६८-६९ मध्ये घर सुटं केलं, इथे आणलं आणि उभारलं. म्युझियमची कल्पना रॉय आर्मस्ट्राँग यांची. क्रॉली हे नवं शहर वसवताना जुनी लाकडी घरं पाडली जात होती, ते बघून त्यांना राहवलं नाही. १९६७ साली काम सुरू झालं, १९७० मध्ये लोकांसाठी दारं उघडली. आज टेकडीच्या उतारावर पन्नासहून जास्त जुन्या इमारती आहेत. कोठारं, गिरणी, मजुरांची घरं, शाळासुद्धा. पण बेलीफ लांबूनच ओळखू येतं.

ओळखू येतं ते दर्शनी भिंतीमुळे. घराला तीन भाग. दोन्ही टोकांना दोन मजले, आणि वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे हातभर आलेला. मधला भाग मात्र जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकसंध, त्यामुळे त्याची भिंत दोन बाजूंच्या मजल्यांच्या मानाने आत गेलेली दिसते. या सगळ्यावर छप्पर एकच. मग मधल्या भागापुढची वळचण तोलायची कशी? दोन्ही बाजूंनी ओकचे वाकडे आधार कमानीसारखे येऊन त्या लांबलचक तुळईला टेकलेत. हे वाकडेपण सुतारानं तासून आणलेलं नाही, झाडच तसं वाढलेलं निवडून आणलंय. या धाटणीच्या घरांना वील्डन घरं म्हणतात. केंट आणि पूर्व ससेक्समध्ये ती पुष्कळ उरली आहेत.

आत शिरलं की आधी आरपार बोळ लागतो. समोरासमोर दोन दारं, एक अंगणात आणि एक परसात. बोळाच्या एका हाताला जोडीनं दोन लहान खोल्या, बटरी आणि पँट्री. बटरीचा लोण्याशी काही संबंध नाही. पिंपाला जो जुना शब्द होता त्यातून ती आली, म्हणजे पेयांची खोली. पँट्री पावाची. दुसऱ्या हाताला ते उंच मधलं दालन, हॉल. त्याला मी मनातल्या मनात माजघरच म्हणत होते, आणि अर्थानंही ते बरोबर आहे, कारण घराच्या ऐन मध्यावर तेच असतं. त्याच्या पलीकडे घरधन्याची बसायची खोली आणि तिच्या डोक्यावर निजायची.

हे माजघर दोन खणांचं आहे. इथे मला फार आनंद झाला. लाकडी घर आपणही खणांतच मोजतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि ‘पाच खणी सोपा’ म्हटलं की आजीला घराचा आकार कळायचा, फूट सांगावे लागायचे नाहीत. इथला सुतारही असाच मोजायचा. बेलीफ चार खणांचं आहे. लाकडातल्या वर्षवलयांवरून त्यातल्या मधल्या आणि बटरी-पँट्रीच्या बाजूच्या भागाचं वय काढलंय, १४०५ ते १४३०. घरधन्याच्या खोल्यांचा पलीकडच्या टोकाचा खण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्यानं जोडला. मांडणी मात्र १५४० च्या सुमाराला असेल तशी केली आहे. सामान सगळं नव्यानं घडवलेलं, त्यामुळे हात लावायला मनाई नाही. मी लांब मेजाच्या कडेवरून हात फिरवला. रंध्याची गुळगुळीत सफाई नाही, तासणीच्या बारीक लाटा बोटांना लागतात.

माजघराच्या मध्यावर, जमिनीवर, आग पेटली होती. चूल नाही, धुराडं नाही. फरशीवर ओंडके रचलेले आणि धूर सरळ वर चाललेला. पोरपणी फुंकणी घेऊन चुलीशी बसलेल्या माणसाला धुराचं नवल नसतं, तरी मी उभी राहिले तशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी बाकाकडे हात केला. “बसा. हे घर बसून बघायचं असतं.” बसल्यावर धूर डोक्याच्या वर राहिला. डोळे निवले, आणि मी वर पाहिलं.

तुळईच्या मध्यावर एक खांब उभा, त्यातून चारी दिशांना आधार फुटलेले, आणि त्याच्या माथ्यावरून घराच्या लांबीत गेलेलं लाकूड. त्यावर वाशांच्या जोड्या. आणि हे सगळं काळं कुळकुळीत. आढ्याच्या दोन्ही टोकांना, पाख्यांच्या वरच्या कोपऱ्यात, लहान त्रिकोणी झरोके आहेत. धूर कौलांच्या फटींतून आणि या झरोक्यांतून सावकाश बाहेर पडतो. काळोख्या छपरात उजेडाचे दोन त्रिकोण आणि त्यांतून वळत जाणारा निळसर धूर बघत मी अर्धा तास बसून होते.

मग आजोबांनी एक गोष्ट दाखवली, तिच्यामुळे पुढचे चारही दिवस वेगळे गेले. खांब आणि तिरका आधार जिथे जुळतात तिथे, माझ्या खांद्याच्या उंचीवर, लाकडात कोरलेल्या तीन रेघा होत्या. आधारावर तीन आणि खांबावरही तीन. पलीकडच्या सांध्यावर चार. सुताराच्या खुणा. घराचा सांगाडा जागेवर तयार होत नसे. सुतार तो आपल्या आवारात जमिनीवर आडवा मांडी, सांधे जुळवून बघी, प्रत्येक जोडीवर आकडा कोरी, मग सगळं सुटं करून गाड्यांतून नेई आणि जागेवर उभं करी.

“म्हणजे,” मी म्हटलं, “हे घर पहिल्यांदा बांधलं तेव्हाच एकदा सुटं केलेलं होतं?”

“दोनदा बांधलेलं घर. आम्ही तिसऱ्यांदा बांधलं.”

परतीच्या बसमध्ये मला आजोबांचा सुतार आठवत होता. त्यानं उतरवलेल्या प्रत्येक कडीवर कोळशानं काहीतरी लिहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, तो पैशांचा हिशोब ठेवतोय.

दुसरा दिवस : पुन्हा सिंगलटन

सकाळी उघडायच्या वेळेलाच गेले. पहिला तास सांध्यांसाठी ठेवला होता.

हा ओक वापरायचा तो ओलाच. तोडल्यावर वाळत ठेवत नसत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओलं लाकूड तासायचं, एकाला जीभ काढायची, दुसऱ्याला खाच पाडायची, दोन्हींतून भोक आरपार न्यायचं आणि ओकचीच खुंटी ठोकायची. खरी हुशारी त्या भोकात आहे. जिभेतलं भोक खाचेतल्या भोकाच्या नेमकं समोर पाडत नाहीत, किंचित आतल्या बाजूला सरकवतात. निमुळती खुंटी आत शिरताना सांध्याला आवळत जाते. लोखंडी खिळा लागत नाही. पुढे लाकूड वाळतं, पिळवटतं, आणि सांधा आणखी घट्ट होतो. जुन्या इंग्रजी घरांच्या भिंती आणि तुळया वाकड्या दिसतात त्या पुष्कळदा या वाळण्यामुळे, सुताराच्या चुकीमुळे नव्हे.

दुसरी गोष्ट कोपऱ्याच्या खांबाची. तो वर जाता जाता जाड होतो. आपल्याकडे खांब खालून भक्कम असतो, म्हणून मला आधी ते विचित्र वाटलं. हा खांब उलटा उभा केलेला असतो, बुंधा वर आणि शेंडा खाली. वरच्या टोकाला भिंतीवरचं आडवं लाकूड, घराच्या रुंदीत जाणारी तुळई आणि खांब अशी तीन लाकडं एका जागी मिळतात. तिथे सांध्याला मांस हवं, म्हणून झाडाचा जाड भाग तिथे नेलेला. लाकडाकडे असं बघणारा माणूस कागदावर नकाशा न काढताही नकाशाच काढत होता.

भिंतींची तर आपल्याला ओळखच आहे. कूड! खांबांच्या मधल्या चौकटीत ओकच्या चिरलेल्या पट्ट्या उभ्या बसवायच्या, त्यांतून हेझलच्या काठ्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, पेंढा आणि शेण कालवून लिंपायचं. वर चुन्याचा हात. कोकणात कारवी, इथे हेझल. भिंत वजन घेत नाही, वारा अडवते.

नकाशेवालीचा एक प्रश्न उरला होता. बेलीफच्या मूळ खिडक्या, झडपा, आतल्या भिंती कितीतरी आधीच नाहीशा झाल्या होत्या. मग त्या कुठे होत्या हे कळलं कसं? उत्तर लाकडाच्या पोटात होतं. आडव्या लाकडाच्या खालच्या अंगाला ओळीनं भोकं दिसली की तिथे कुडाच्या पट्ट्या होत्या. चौकोनी खाचा कोनावर वळवलेल्या दिसल्या की तिथे खिडकीचे गज होते, कारण या खिडक्यांना काच नसे, ओकचे गज कोपरा पुढे करून बसवत. शेजारी लांब खोबण असली तर तिथे झडप सरकत होती. रिकाम्या खाचा वाचत वाचत त्यांनी घर परत जुळवलं. माझ्या हातून कितीतरी जुन्या इमारतींचे नकाशे गेले, पण न उरलेल्या गोष्टीचा इतका नेटका पुरावा मी पाहिला नव्हता.

दुपारी बाकीची घरं. ती धुराच्या क्रमानं बघायची असं मी ठरवलं होतं आणि ते फार फायद्याचं ठरलं. बेलीफमध्ये धूर घरभर मोकळा. पॉप्लर कॉटेज हे सतराव्या शतकातलं एका गरीब माणसाचं गवती छपराचं घर. तिथे घराच्या एका टोकाला अरुंद खण आखून धूर तेवढ्यातच कोंडलाय. खाली आग, वर छपरापर्यंत उघडी जागा, बाकीचं घर धुरापासून मोकळं. धुराला स्वतःची खोली मिळाली म्हणा. आणि पेंडीन हे १६०९ चं शेतकऱ्याचं घर, मिडहर्स्टजवळून आणलेलं. त्याच्या मध्यावर विटांचं भलं मोठं धुराडं आहे.

धुराडं आल्यावर काय झालं ते पेंडीनमध्ये जिना चढून जाताना कळतं. माजघराच्या डोक्यावरची जागा धुराची राहिली नाही. तिथे कड्या टाकून माळा करता आला. निजायच्या खोल्या झाल्या. एका छपराखाली सगळे एकाच आगीभोवती बसायचे, ते आता वेगवेगळ्या खोल्यांत बसायला लागले. १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत घरं इतक्या प्रमाणात बदलली की डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानं १९५३ साली त्याला ‘महापुनर्बांधणी’ असं नाव दिलं. पुढे त्या तारखांवर वाद झाले. पण त्या घडामोडीच्या पोटात विटांचं धुराडं होतं हे पेंडीनच्या माळ्यावर उभं राहिल्यावर पटतं. तिथले वासे पिवळसर तपकिरी आहेत. धूर त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

निघण्याआधी ग्रिडशेल बघितलं. २००२ साली वास्तुविशारद एडवर्ड कलिननच्या कार्यालयानं केलेली कार्यशाळा. ओकच्या बारीक ओल्या पट्ट्यांची सपाट जाळी उंचावर विणली आणि आधार हळूहळू उतरवत तिला भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार दिला. ओल्या ओकचा वाकण्याचा गुण सहाशे वर्षांनी दुसऱ्या कामाला आला. मला ते फार आवडलं.

तिसरा दिवस : आल्फ्रिस्टन

ब्रायटनमार्गे बर्विक स्टेशन, आणि तिथून आल्फ्रिस्टनपर्यंत तासाभराची चाल. ऊन होतं. गावामागे हिरवळ, हिरवळीवर चर्च, आणि चर्चच्या बगलेत गवती छपराचं ते घर. पलीकडे ककमिअर नदी.

क्लर्जी हाउस म्हणजे धर्मगुरूचं घर असं आज नाव असलं, तरी चौदाव्या शतकात ते एका शेतकऱ्यासाठी बांधलेलं वील्डन घर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते पाडायला आलं होतं. गावचे व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बेनन यांनी धडपड केली, विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये काढलेल्या प्राचीन इमारती वाचवणाऱ्या संस्थेनं साथ दिली, आणि १८९६ साली, जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या, जन्मून एकच वर्ष झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं ते दहा पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टनं घेतलेली ही पहिली इमारत. आज शेकडो राजेशाही वाडे सांभाळणाऱ्या संस्थेची सुरुवात एका मोडकळलेल्या शेतकरी घरापासून झाली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. दहा पौंड ही नुसती खरेदी. दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट पैसे लागले आणि ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांना त्यासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले.

बेलीफइतकं हे भव्य नाही. पण याची जमीन! माजघराची जमीन खडूच्या दगडाची आहे. डाउन्सच्या टेकड्या आतून पांढऱ्याशुभ्र खडूच्या आहेत, तोच कुटून, चोपून बसवलेला, आणि त्यावर आंबट दूध ओतून तो बांधलेला. मी खाली बसून तळवा टेकवला. गार, घट्ट, किंचित चमक असलेली, आणि कुठेही पूर्ण सपाट नाही. सारवलेल्या जमिनीला जी हलकी लाट असते तीच. शेजारी उभ्या असलेल्या एका इंग्रज बाईंनी विचारलं, काही हरवलंय का. मी सांगितलं, आमच्याकडे जमीन शेणानं सारवतात, दर आठवड्याला, आणि नीट सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवला की असंच वाटतं. मग त्याही खाली बसल्या आणि त्यांनीही हात टेकवला.

दूधच का, याचा विचार मी परत चालताना करत होते. दुधातलं केसिन आणि चुनखडी यांचं जमतं, आणि धूळ उडायची थांबते. खडू टेकडीतला, दूध गोठ्यातलं, ओक रानातला, गवत शेतातलं. विकत आणावं असं त्या घरात फार थोडं होतं. घर त्याच्या भोवतालच्या दोन-चार मैलांतून उगवलेलं दिसतं, ते यामुळे.

माजघराच्या एका कोपऱ्यात, तुळईच्या टोकाला, ओकचं पान कोरलंय. तळहाताएवढं. नॅशनल ट्रस्टचं चिन्हही ओकचं पान आहे, आणि ते इथूनच सुचलं असं गावात सांगतात. मला मात्र ते कोरणाऱ्या माणसाचं अप्रूप वाटलं. ओकच्याच लाकडावर त्याला ओकचंच पान काढावंसं वाटलं.

चौथा दिवस : ग्रेट डिक्स्टर

भाची रेडिंगहून गाडी घेऊन आली, त्यामुळे आज बस-ट्रेनची जुळवाजुळव नव्हती. पूर्व ससेक्स ओलांडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओस्ट हाउसं दिसत होती. गोल विटांचे बुरूज, वर निमुळती कौलारू टोपी आणि टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारं पांढरं लाकडी झाकण. बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं त्यात वाळवत. तिथेही सगळी करामत गरम हवा वर काढून देण्याचीच. आता बहुतेकांत लोक राहतात.

नॉर्थिअम गावाबाहेरचं ग्रेट डिक्स्टर बागेसाठी जगभर प्रसिद्ध आहे. बाग सुंदरच आहे, पण तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी घरासाठी आले होते. पंधराव्या शतकाच्या मध्याचं मोठं लाकडी दालन, पुढे कललेला पोर्च. १९१० साली नॅथॅनियल लॉइडनं ते घेतलं आणि दुरुस्तीचं काम वास्तुविशारद एडविन लट्येन्सला दिलं. हेच लट्येन्स थोड्याच दिवसांनी नवी दिल्ली आखायला गेले. घर वाढवायचं होतं, तर लट्येन्सनं नवी लाकडी भिंत उभारून जुन्याची नक्कल केली नाही. केंटमधल्या बेनेंडन गावी एका शेतकऱ्याचं जुनं घर पडायला आलं होतं. ते ७५ पौंडांना घेतलं, सुटं केलं, इथे आणलं आणि मूळ घराच्या मागे जोडलं. म्हणजे बेलीफच्या साठ वर्षं आधी हा खेळ इथे झाला होता.

मोठ्या दालनात उभं राहिल्यावर भाची म्हणाली, “मावशी, हे तर अगदी मूळचं वाटतंय.”

“नाही गं,” मी म्हटलं. “मधे शेकडो वर्षं इथे माळे होते. लट्येन्सनं ते काढले.”

इथे मला जरा थांबावंसं वाटलं. माळा काढला म्हणून तर काळे वासे पुन्हा दिसायला लागले, आणि या दालनाची उंची पाहून छाती भरून येते. बेलीफमध्येही तेच झालं. नंतर आलेलं धुराडं आणि माजघरावरचा मजला पुन्हा उभारताना वगळला. मी त्या दोन्ही जागी मनापासून आनंदले आहे, तरी मला हे बोलायलाच हवं. ज्या पिढीनं पै पै साठवून विटांचं धुराडं बांधलं, ज्या बाईला पहिल्यांदा धुराशिवाय स्वयंपाक करता आला, जी मुलं पहिल्यांदा वरच्या उबदार खोलीत निजली, त्यांचं घर आपण पुसलं. सगळ्यात जुनं ते सगळ्यात खरं, असं धरून चालण्यात काहीतरी राहून जातं. माझ्या आईला गॅसची शेगडी आली त्या दिवशी तिनं चुलीपुढच्या काळ्या भिंतीला स्वतः चुना लावला होता. उद्या कुणी त्या घराचा जीर्णोद्धार करायला निघालं आणि चुना खरवडून काजळी बाहेर काढली, तर आईचा तो दिवस जाईल.

सिंगलटनला याचं एक चांगलं उत्तर आहे. एकाच आवारात बेलीफ, पॉप्लर आणि पेंडीन तिन्ही ठेवलीत, त्यामुळे एकात पुसलेलं दुसऱ्यात सापडतं. एकट्या घराला ते जमणं अवघड. निदान भिंतीवर एक नकाशा तरी लावावा, माळे कुठे होते, कड्या कुठे शिरत होत्या. डिक्स्टरच्या दालनात मी रिकाम्या खाचा शोधल्या. दोन सापडल्या, उत्तरेच्या भिंतीला.

पाचवा दिवस : बाउ बीच

शेवटच्या दिवशी करण्यासारखं पुष्कळ होतं, भाचीनं यादी आणली होती. मी म्हटलं, मला बेलीफची मूळ जागा बघायची आहे. तिनं यादी घडी घालून ठेवली.

चिडिंगस्टोनच्या परिसरातल्या वाटा अरुंद, दोन्हीकडे उंच कुंपणं, मधे मधे ओकची झाडं. जलाशयाच्या उत्तर टोकाला पाण्यातूनच रस्ता जातो. तिथे गाडी बाजूला लावली. दुर्बिणी घेऊन चार-पाच माणसं पक्षी बघत उभी होती. पाणी शांत होतं, राखाडी, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लांबवर पसरलेलं. ईडन नदीचं पाणी पंपानं उचलून इथे साठवतात. म्युझियममध्ये उभं असलेलं विंकहर्स्टचं स्वयंपाकघरही याच जलाशयाच्या जागेतून गेलेलं.

पाण्याच्या कडेला शेतांची जुनी कुंपणं अजून कळतात. झाडांची एक रांग उतरत उतरत काठापर्यंत येते आणि तिथे थांबते. त्या रांगेच्या रेषेत पाण्यावर नजर नेली की पलीकडच्या काठावर तीच रांग पुन्हा सुरू होते.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं तेव्हा पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. आमच्या गावचं काही वर येत नाही. माती होती, विरघळली. पण माजघराचा मधला खांब नव्या गावठाणात मामाच्या घरात आहे. ओसरीत उभा केलाय, जरा आखूड करून. त्याच्या वरच्या टोकाला चुलीच्या दिशेनं काळा पट्टा आहे, आणि मामीनं कितीदा तेल-पाणी केलं तरी तो गेलेला नाही.

“मामाला फोन लावू?” भाचीनं विचारलं. तिकडे दुपार झाली होती. मामा ओसरीतच होता. मी म्हटलं, मामा, खांबाला वर बघ, तुळई बसायची त्या खाचेजवळ, कोळशानं नाहीतर पटाशीनं काही केलेलं दिसतंय का. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मामी मागून म्हणत होती, पडाल, जपून. मग थोडा वेळ काहीच नाही. पाण्यावर बदकांची एक रांग उतरली.

“आहे की,” मामा म्हणाला. “दोन रेघा. खोल आहेत. आणि त्याच्या खाली एक आडवी.”